पुस्तक संपेपर्यंत

मार्लिस कांगस रस्तेखात्याच्या ऑफिसात वायरलेसवर बसायची. बर्फ काढणाऱ्या गाड्यांना कुठे जायचं ते सांगायचं, कोण कुठे रुतलं ते ऐकायचं, आणि ज्यांच्या दारासमोर आपल्या गाडीने बर्फाचा ढीग लोटला त्यांच्या शिव्या फोनवर निमूट खायच्या, हे तिचं काम. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की तिला पाणी प्यायला फुरसत नसे. पण मधूनच वायरलेस तासभर मुका व्हायचा. त्या वेळात ती वाचायची. वीस वर्षं ती अशीच वाचत आली होती, पायाशी हीटर आणि मांडीवर पुस्तक.

वाचलेल्यावर बोलायला मात्र गावात कुणी नव्हतं. नवरा डूएन लाकडाच्या गिरणीत कामाला होता. स्वभावाने माणूस सोन्यासारखा, पण करवती आणि रंध्यांच्या कॅटलॉगपलीकडे त्याने काही वाचल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मार्लिस एखाद्या कादंबरीबद्दल सांगायला लागली की तो काटा-चमचा खाली ठेवून ऐकायचा आणि शेवटी विचारायचा, "मग त्यांनी ते घर विकलं का नाही?" घर विकण्याचा गोष्टीशी काही संबंध नसायचा.

म्हणून ती 'कोपऱ्यातली खुर्ची'वर गेली. हा नेटवरचा वाचकांचा गट. फार मोठा नव्हता, दोन-अडीचशे माणसं. ओरेगॉनमधला ग्रेडी नावाचा एक निवृत्त औषधविक्या तो चालवायचा. नियम एकच होता, शेवट सांगायचा नाही. बाकी काय वाचलं, कसं वाटलं, कुणी काय वाचावं, यावर दिवसरात्र बोला.

कोरीन तिला तिथेच भेटली.

कोरीनची पुस्तक जोखायची तऱ्हाच निराळी होती. पुस्तकातली माणसं जेवतात की नाही, हे ती आधी बघायची. बक्षीस मिळालेल्या एका जाडजूड कादंबरीवर सगळे कौतुकाचा पाऊस पाडत होते, तेव्हा तिने लिहिलं होतं, "शंभर पानं झाली, अजून एकाच्याही पोटात घास गेलेला नाही. ही माणसं दुःखी नाहीत, उपाशी आहेत. कुणीतरी त्यांना सूप द्या." ते वाचून मार्लिसला वायरलेसवर इतकं हसू फुटलं की पलीकडच्या ड्रायव्हरने विचारलं, "मार्लिस, बरी आहेस ना?" कोरीनचा आणखी एक हट्ट होता. पहिलं प्रकरण तिने कधीच पहिल्यांदा वाचलं नाही. लेखक पहिलं प्रकरण प्रकाशकासाठी लिहितो आणि दुसऱ्यापासून आपल्यासाठी, असं ती म्हणायची. दुसऱ्यापासून सुरू करायचं आणि पहिलं शेवटी वाचायचं.

मार्लिसने तसं करून बघितलं. बाईचं म्हणणं बरोबर होतं.

कोरीनने सुचवलेलं पुस्तक फुकट गेलं असं कधी झालं नाही. हळूहळू दोघी गटाबाहेरही एकमेकींना लिहायला लागल्या, मग एकच पुस्तक एकाच वेळी वाचायला लागल्या. कोरीन विस्कॉन्सिनमध्ये राहते, विधवा आहे, टेस नावाची एक मुलगी आहे, गुडघे दुखतात, एवढं मार्लिसला ठाऊक होतं. मार्लिसबद्दल कोरीनला याहून पुष्कळ ठाऊक होतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी आपण डूएनला सोडून बहिणीकडे निघून गेलो होतो आणि का परत आलो, हे मार्लिसने उभ्या जन्मात फक्त कोरीनला सांगितलं होतं. फोनवर मात्र दोघी कधी बोलल्या नाहीत. "माझा आवाज बेडकासारखा आहे," कोरीन म्हणायची. "लिहिताना मी देखणी दिसते."

एका शरद ऋतूत कोरीन काही दिवस गटावर दिसली नाही. मग तिने लिहिलं की पोटाच्या तपासण्या चालल्या आहेत. पुढे लिहिलं की कॅन्सर आहे, आणि तो फार पसरलाय. ख्रिसमसपर्यंत काढले तर काढले, असं डॉक्टर म्हणतात.

गट हादरला. प्रत्येकाने काही ना काही लिहिलं. मार्लिसने वेलची घातलेला निसू ब्रेड भाजला, लोकरीचे मोजे विणले आणि कोरीनने दिलेल्या पोस्ट बॉक्सच्या पत्त्यावर पाठवले. कोरीनचं उत्तर आलं, "ब्रेड टेसने खाल्ला, मी वास घेतला. मोजे माझ्या पायात आहेत. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. आपलं ते मोठं पुस्तक राहणार. डोळ्यांपुढे ओळी पोहतात गं, हातात पुस्तक पेलवत नाही."

ते मोठं पुस्तक म्हणजे किनाऱ्यावरच्या एका कोळी घराण्याची चार खंडांची कादंबरी. दोघींनी ती हिवाळ्यासाठी राखून ठेवली होती.

मार्लिसने दुसऱ्याच दिवशी जेवण उरकल्यावर पहिला खंड उचलला आणि घरामागच्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी न्हाणीघरात गेली. सौना तापवलेला नव्हता. बाहेरच्या, कपडे बदलायच्या खोलीत ती कोट घालून बाकावर बसली, फोन समोरच्या खुंटीला टांगला आणि दुसऱ्या प्रकरणापासून मोठ्याने वाचायला लागली. वाचून झाल्यावर रेकॉर्डिंग कोरीनला पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी तिसरं प्रकरण. असं रोज. शाळेत धडा वाचायला उभं केलं की तिची बोबडी वळायची, पण आता ती म्हाताऱ्या आजोबांचा आवाज वेगळा काढायची, धाकट्या सुनेचा वेगळा. सर्दी झाली तरी खाडा नाही. वादळात दोन-दोन पाळ्या करून आली तरी खाडा नाही. डूएन म्हणायचा, "ती बाई मरायच्या आधी तू मरशील." पण सौनातल्या खोलीत त्याने एक छोटी शेगडी आणून ठेवली.

आणि कोरीन टिकली. ख्रिसमस गेला, जानेवारी गेला. रोज दोन ओळी यायच्या: "आजोबांनी ते जाळं जाळायला नको होतं," किंवा "आज मीठ लावलेल्या माशांचं वर्णन दोनदा ऐकलं." गटावर मार्लिस अभिमानाने लिहायची की डॉक्टरांचे सगळे अंदाज चुकले, पुस्तकच तिला जगवतंय. रस्त्याकडेचं बर्फ काळं पडून वितळायला लागलं तेव्हा चौथा खंड संपला. अगदी शेवटी मार्लिसने पहिल्या खंडाचं राहिलेलं पहिलं प्रकरण वाचलं आणि पाठवलं.

त्याच आठवड्यात टेसने गटावर लिहिलं की आई झोपेतच शांतपणे गेली. पायात ते मोजे होते.

मार्लिस ऑफिसात वायरलेस हातात धरून रडली. ड्रायव्हर हाका मारत राहिले.

टेसने कळवलं होतं की आईला अंत्यविधी नको होता. पण माणसांना काहीतरी करायचं असतं. ग्रेडीने आठवणींचं एक पान उघडलं. गटातल्या प्रत्येकाने आपापल्या गावच्या लायब्ररीला कोरीनच्या नावे एक पुस्तक दिलं. दर वर्षी एक महिना कोरीनने सुचवलेलीच पुस्तकं वाचायची असं ठरलं. ही हकीकत नेटवर पसरली, लोकांनी ती एकमेकांना पाठवली आणि गटात नवी माणसं लोटली. डूएनने कुणी न सांगता देवदाराचा एक बाक केला आणि नगरपालिकेला विचारून तो गावातल्या कालव्याकाठी बसवला. पाठीच्या फळीवर त्याने तापल्या सळईने अक्षरं उमटवली: 'कोरीनसाठी. ती वाचक होती.' लग्नानंतर डूएनने आपल्यासाठी केलेली सगळ्यात सुंदर वस्तू ती हीच, असं मार्लिसला वाटलं.

त्यानंतर मात्र तिचं वाचन बंद पडलं. पुस्तक उघडलं की ओळी स्वतःच्याच आवाजात ऐकू यायच्या, सौनातल्या त्या आवाजात, आणि पलीकडे कुणी नसायचं. दोन हिवाळे ती ऑफिसात शब्दकोडी सोडवत बसली.

तिसऱ्या हिवाळ्यात तिने ठरवलं की हलकंफुलकं काहीतरी वाचून बघायचं. खून, तपास, असलं. रहस्यकथावाल्यांचा 'कुलूपबंद खोली' नावाचा एक मोठा गट होता. कुणी काय सुचवलंय ते बघायला ती एका दुपारी डबा खाताखाता तिथे डोकावली. तिथे 'तळघर' असं नाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलं होतं:

"तीन खून पडले, इन्स्पेक्टर दोनशे पानं धावतोय, आणि कुणाच्या पोटात सकाळपासून घास नाही. खुनी गेला खड्ड्यात. त्या घरातली स्वयंपाकीण कुठे आहे ते मला सांगा."

मार्लिस हसली. कितीतरी दिवसांनी, पोटातून. मग हसता हसता थांबली. हातातला पास्टीचा, मांस-बटाटा भरलेल्या करंजीचा तुकडा तिने डब्यात परत ठेवला.

'तळघर'ने लिहिलेलं सगळं ती मागे मागे जात वाचत सुटली. एका ठिकाणी कुणाला तरी सल्ला होता: दुसऱ्या प्रकरणापासून सुरू कर, पहिलं प्रकाशकासाठी असतं. एका ठिकाणी गुडघ्यांची कुरकुर. सगळ्यात जुनं टिपण कोरीन गेली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातलं होतं. पण मार्लिसला या खुणांची गरज नव्हती. लिहिणाऱ्याचा श्वास कुठे तुटतो, चेष्टा कुठे सुरू होते, हे तिला घरच्या माणसाच्या पावलांसारखं ओळखू येत होतं.

घरी आल्यावर तिने डूएनला दाखवलं. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं.

"कुणीतरी नक्कल करत असेल," तो म्हणाला.

"नक्कल नाही रे."

"अगं, ती मेलीये. बाक केलाय मी तिचा."

"माहितीये मला बाक केलायस ते."

डूएनने आणखी एकदा वाचलं आणि चष्मा काढला. "स्वयंपाकीण कुठे आहे," तो पुटपुटला. मग म्हणाला, "त्या ओरेगॉनवाल्याला विचार. तो चालवतो ना सगळं."

मार्लिसने ग्रेडीला फोन लावला. आठवणींचं पान करताना दोघं फोनवर बोलली होती, तेव्हा तोही रडला होता. आता तिने सगळं सांगितलं. तो मध्ये एकदाही बोलला नाही.

"ग्रेडी, ऐकताय ना?"

"ऐकतोय. मार्लिस, काही गोष्टी आहेत तशा राहू द्याव्यात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... टेसचं खातं आणि कोरीनचं खातं एकाच कॉम्प्युटरवरून चालायचं. ते मला इथून दिसतं. आधी वाटलं, आईचा कॉम्प्युटर मुलगी वापरत असेल. पण टेसच्या नावाने कोरीन जायच्या आधीही कधीमधी लिहिलं जायचं. एकाच मिनिटाला दोघी. कधी एकीची चूक दुसरी सुधारायची."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"ती गेली, म्हणजे तसं तिने लिहिलं, त्या आठवड्यात."

मार्लिसला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "त्याच आठवड्यात? आणि पान उघडलंत? रडलात माझ्याबरोबर?"

"मला खात्री नव्हती. आणि मग सगळं इतकं वाढलं. लोकांनी लायब्रऱ्यांना पुस्तकं दिली, मार्लिस. खरीखुरी पुस्तकं, पोरं वाचतायत ती. गट मरायला टेकला होता, तुला ठाऊक नाही. त्या गोष्टीने तो उभा राहिला. मी कुणाचं काय वाईट केलं?"

"मी दोन वर्षं पुस्तक उघडलं नाही."

"ते मला कसं कळणार?"

"मी तुम्हाला लिहिलं होतं. तुम्ही उत्तर पाठवलंत की दुःखाला वेळ लागतो."

तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी डूएन स्क्रूड्रायव्हर घेऊन कालव्याकाठी गेला. तिथे नेहमी बसणारा एक म्हातारा बाकावर होता. "काय रे, मोडला का?" त्याने विचारलं. डूएन म्हणाला, "नाव चुकलंय." म्हाताऱ्याला उठवून त्याने पाठीची फळी काढली आणि कोरी बसवली. ती जुनी फळी घरी आणून त्याने शेगडीत घातली.

मार्लिसने 'तळघर'ला खासगीत एकच ओळ लिहिली: "मी मार्लिस. तू जिवंत आहेस का?"

कित्येक दिवस उत्तर नव्हतं. 'तळघर'ने गटावर लिहिणंही थांबवलं. मार्लिसला वाटलं, झालं, ही दुसऱ्यांदा मेली. मग एका सकाळी आलं: "आहे. जे बोलायचं ते तोंडावर बोल. शुक्रवारी ईगल रिव्हरच्या अलीकडे हायवेवर फिश फ्राय मिळतं तिथे येते. लवकर ये, नंतर गर्दी होते."

डूएन म्हणाला मी गाडी चालवतो. ती म्हणाली नको. "मग निदान मला बाहेर बसू दे." तरी ती नको म्हणाली आणि एकटी निघाली.

हॉटेलात दुपारची उन्हं तिरपी आत आली होती. भिंतीवर पेंढा भरलेला मस्की मासा, काउंटरवर दोन माणसं, आणि खिडकीपाशी एक बाई. मार्लिसने मनात रंगवली होती ती कोरीन उंच, हडकुळी, पांढऱ्या केसांची. ही ठेंगणी, गुबगुबीत, तांबड्या गालांची होती. अंगात कुठल्यातरी पार्सल कंपनीचं जाकीट. मार्लिसला पाहून ती अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

"मी मागवलंय," ती म्हणाली. "तुझ्यासाठीपण. बटाट्याचे पॅनकेक घेतलेत, फ्राईज नाही." आवाज बेडकासारखा मुळीच नव्हता. चांगला गोड होता.

मार्लिस समोर बसली. कोट काढला नाही.

"माझं नाव कोरीन नाही," बाई म्हणाली. "ग्लेनिस. कोरीन हे नाव मला आवडायचं, एवढंच. मुलगी नाही मला. लग्नही नाही. गुडघे खरे आहेत."

"का केलंस?"

ग्लेनिसने कोलस्लॉची वाटी सरळ केली. "तपासण्या खऱ्या होत्या. मी घाबरले होते, खरंच. म्हणून लिहिलं. मग रिपोर्ट चांगला आला, काही नव्हतं. पण तोवर तुम्ही सगळे इतकं मायेने बोलायला लागला होतात. माझ्याशी तसं कुणी बोललेलं नाही, मार्लिस. दिवसभर गाडी चालवते, दारात पेट्या ठेवते, बेल वाजवते आणि निघते. आता 'बरी आहे' म्हटलं तर हे सगळं जाईल असं वाटलं. म्हणून म्हटलं, आणखी चार दिवस."

"चार दिवस."

"मग लाज वाटायला लागली. म्हटलं, संपवून टाकू, ख्रिसमसला मरू. ठरवलं होतं मी. टेसचं लिहूनसुद्धा ठेवलं होतं. तेवढ्यात तू वाचायला लागलीस."

मार्लिसने कोटाचं वरचं बटण लावलं.

"मी गाडीत ऐकायचे. रोज सकाळी निघाले की लावायचे. तो म्हातारा, ती धाकटी सून. कधी कधी पार्सल द्यायचं थांबवून रस्त्याच्या कडेला बसून राहायचे, प्रकरण संपेपर्यंत. अशी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, लहानपणीसुद्धा. पुस्तक संपेपर्यंत मला मरताच येईना गं." ती हे बोलताना हसायला गेली आणि तिचं तिलाच ते कसंतरी वाटलं. "खोटं वाटेल तुला. पण माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला हिवाळा होता."

"माझ्याही," मार्लिस म्हणाली. आपण हे का बोललो ते तिला कळेना. तिला राग आणखी चढला. "मला न्यूमोनिया होता होता राहिला त्या सौनात. वादळात सोळा तास ड्युटी करून मी वाचायला बसायचे, आज नाही वाचलं तर उद्या ती नसेल म्हणून. मी प्रार्थना करायचे. मी चर्चमध्ये तुझं नाव दिलं होतं. अख्ख्या चर्चने तुझ्यासाठी प्रार्थना केली, आणि तू गाडीत बसून मजेत ऐकत होतीस."

"हो."

"शेवटचं प्रकरण पाठवलं तेव्हा मी लिहिलं होतं, तुला नीट ऐकता येईल ना, की हळू वाचू. आठवतं?"

"आठवतं."

"काय उत्तर दिलंस?"

वेट्रेस आली, दोन ताटल्या ठेवून गेली. तळलेल्या माशाची वाफ दोघींच्या मध्ये वर चढत होती.

"मी लिहिलं होतं, हळू वाच," ग्लेनिस शेवटी म्हणाली.

"मी दोनदा केलं ते रेकॉर्डिंग. हळू."

"माफ कर म्हणणार होते. गाडीत पाठ करत आले. पण तुला बघितल्यावर ते फार छोटं वाटतंय."

"मग म्हणू नकोस. डूएनचं तुला जे लिहिलं होतं मी, बहिणीकडे गेले होते ते. ते कुणाला सांगितलंस?"

"नाही. देवाशपथ."

"तुझ्या शपथेचं मी काय करू?"

ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला तिने कागदी रुमाल उचलला, मग तो हातातच धरून राहिली. मार्लिसला तिची दया येईल असं वाटलं होतं, येताना रस्ताभर तीच भीती होती. पण दया आली नाही. समोर एक अनोळखी बाई रडत होती, बस. जिच्यासाठी आपण रडलो ती कुणी वेगळीच होती, आणि ती परत येणार नव्हती. त्या क्षणी तिला कळलं की कोरीन खरंच मेली आहे. फक्त आता तिच्यासाठी शोकसुद्धा करता येणार नाही.

ती उठली.

"जेव तरी," ग्लेनिस म्हणाली. "एवढ्या लांबून आलीस. उपाशी नको जाऊस."

मार्लिस तशीच बाहेर पडली. वाटेतल्या ब्रूल क्रॉसिंगपर्यंत तिने गाडी कुठेही थांबवली नाही. मग एका पेट्रोलपंपावर थांबून उभ्या उभ्या एक शिळं सँडविच खाल्लं, कारण भूक फार लागली होती.

घरी येऊन तिने गटावर सगळं लिहिलं. ग्लेनिसचं नाव किंवा गाव लिहिलं नाही. कोरीन जिवंत आहे, आजार खोटा होता, मुलगी खोटी होती, आणि गट चालवणाऱ्याला हे पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, एवढंच लिहिलं. तासाभरात ते नाहीसं झालं. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा नाहीसं झालं. पण तेवढ्या वेळात ज्यांनी वाचलं होतं त्यांची उत्तरं खासगीत यायला लागली. दोघा-तिघांनी विचारपूस केली. बाकीची उत्तरं वेगळी होती. टेक्ससमधल्या एका बाईने लिहिलं, "माझी आई गेली तेव्हा कोरीनच्या पानाने मला सावरलं. मेलेल्या बाईवर चिखल उडवताना तुला काहीच कसं वाटलं नाही?" नव्याने आलेल्या एकाने लिहिलं, "प्रसिद्धीची फार हौस आहे वाटतं." आणि मार्लिसच्या आधीपासून तिथे असलेल्या एका म्हाताऱ्या शिक्षकाने फक्त एवढंच लिहिलं, "या गटाचा एक नियम आहे, मार्लिस. शेवट सांगायचा नाही."

त्याने ते चेष्टेत लिहिलं की खरोखर, हे तिला कधीच कळलं नाही. तिने खातं बंद केलं.

"बरं झालं," डूएन म्हणाला.

"काय बरं झालं?"

त्याने तिच्यासाठी कॉफी ओतली आणि समोर बसून राहिला.

कालव्यावरचं बर्फ फुटलं त्या सुमाराला पोस्टाने एक कार्ड आलं. मजकुरात माफी नव्हती, खालती सही नव्हती, पाठवणाऱ्याचा पत्ताही नव्हता. फक्त एका कादंबरीचं नाव होतं, लेखकाचं नाव, आणि खाली, "या वेळी पहिल्या प्रकरणापासून."

मार्लिसने कार्ड फाडून टाकलं. नाव मात्र डोक्यातून जाईना. पंधरवडाभर तिने टाळलं, आणि मग एका शनिवारी लायब्ररीत गेली तर ते पुस्तक समोरच्याच फळीवर होतं. तिने ते घेतलं. का घेतलं, हे तिने डूएनला सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

ऑफिसात हिवाळ्याची गडबड संपली होती. वायरलेस गप्प होता. तिने पहिलं पान उघडलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला ओळी स्वतःच्या आवाजात ऐकू आल्या नाहीत. एक म्हातारी दुसऱ्या म्हातारीला मटाराच्या शेंगा सोलायला शिकवत होती आणि दोघी एकमेकींशी सपशेल खोटं बोलत होत्या. दुपार कधी सरली तिला कळलं नाही. ड्युटी संपल्यावर ती गाडीत बसूनच पुढे वाचत राहिली, पार्किंग रिकामं होईपर्यंत.

पुस्तक चांगलं होतं. ग्लेनिसची निवड या वेळीही चुकली नव्हती, आणि मार्लिसला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. आपल्याला काय आवडेल हे जगात इतकं नेमकं फक्त त्याच बाईला कळत होतं, आणि त्याचं आता काय करायचं हे तिला कळत नव्हतं.

शेवटचं पान मिटल्यावर हात सवयीने फोनकडे गेला. त्या शेंगांचं, त्या दोघींच्या खोट्याचं, कुणाला तरी लिहायला. तिने फोन परत खिशात ठेवला.

सोमवारी कामावर जाताना ती लायब्ररीवरून गेली. दार उघडायला अजून वेळ होता, आतली पोरगी दिवे लावत होती. पुस्तक परत करणाऱ्याला ती नेहमी विचारायची, कसं होतं, मी वाचू का. मार्लिसने तिची वाट बघितली नाही. बाहेरच्या पेटीच्या फटीतून पुस्तक आत सोडलं आणि गाडी सुरू केली.